देवघरातल्या दोन बाटल्या

नर्स म्हणाली, "इट्स टाइम," आणि मी देवघराकडे धावलो. सत्तरी ओलांडलेला माणूस धावणार तो काय, दोनदा भिंतीला आपटलो. माझ्या बायकोने, सुधाने, एवढंच मागितलं होतं : "शेवटी आईने काशीहून आणलेलं गंगाजल तोंडात घाला. बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा." मी चमच्याने दोन थेंब घातले. तिने ओठ मिटले... आमची नेहा तिचे पाय धरून बसली होती. वाटलं, चला, एक काम तरी धड झालं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही इथून, ओहायोतल्या डब्लिनहून, दक्षिण फ्रान्सच्या टूरवर गेलो होतो. रोमन लोकांनी गरम झऱ्यांपायी वसवलेलं एक जुनं शहर. भर रस्त्यात कारंजं, शेवाळाने इतकं माखलेलं की आतला दगड दिसू नये. मी माहितीची पाटी वाचत होतो, सुधाने सरळ हात घातला. "अहो, कोमट आहे हो. आपल्या वज्रेश्वरीसारखं." आणि सगळ्या ग्रुपसमोर तिने त्या पाण्याला नमस्कार केला. मी लाजून दुसरीकडे बघत राहिलो. ते पाणी तिने प्रवासातल्या पाण्याच्या बाटलीत भरून, कपड्यांत गुंडाळून घरी आणलं, व्हॅनिला इसेन्सच्या रिकाम्या तपकिरी बाटलीत ओतलं आणि देवघरात ठेवलं. शेजारी तसल्याच बाटलीत गंगाजल.

"तुमच्या मशीनवर लेबलं करून द्या ना."

गराजमधल्या स्क्रूच्या डब्यांनाही लेबलं लावणारा मी. म्हटलं, "रस्त्यावरच्या पाण्याला कसलं लेबल?"

"राहू दे. गंगेत तुळशीचं पान आहे, मला ओळखू येतं," म्हणाली, आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

तेराव्यानंतर देवघर पुसायला घेतलं. त्या दिवशी न उघडलेली दुसरी बाटली खिडकीशी धरली, तर तळाशी काळं पडलेलं पान. मी तिथेच खाली बसलो.

नेहा म्हणते, "बाबा, आईला चाललं असतं. शी लव्ह्ड दॅट फाउंटन." चाललं असतं, मला ठाऊक आहे. तिला सगळंच चालायचं, माझे टोमणेसुद्धा. त्याच जोरावर मी चाळीस वर्षं काढली. एक मित्र म्हणतो, अस्थींवर शिंपड. अस्थींना तहान लागते का रे बाबा?

काल मशीन काढलं. त्याला देवनागरी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत 'गंगाजल' छापलं आणि त्या बाटलीवर लावलं. अगदी सरळ बसलंय. बाटली गळ्यापर्यंत भरलेली आहे, एक थेंबही कमी झालेला नाही.