लेबलाची खळ

डॉक्टरसाहेबांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर टाकला. "मॅडम, तुमची पेशंट चोरून खाते."

पेशंट समोरच बसली होती. सुरेखा. पंचविशीतली, निपाणीच्या एका बिडी कारखान्यात कामाला. तिनं मान वर केली नाही. बोलली तिची वहिनी.

"मी तेच म्हणतोय. हिच्यासाठी वेगळा तवा, वेगळं पीठ, वेगळा सैपाक. आन ही बाहेर पाव खात असणार. आता माझ्यानं व्हणार न्हाय बघा. सगळ्यांचं तेच हिचं."

"वहिनी, शपथ घेतो. गव्हाचा कण खाल्ला न्हाय."

"सगळे असंच म्हणतात," म्हणत डॉक्टर राउंडला गेले.

मी या दवाखान्यातली डाएटिशियन. खानापूरकडच्या शेतकरी घरातली, कॉलेजात गेलेली आमच्यातली पहिली. माझ्या कामावर कुणी असं बोललं की मला सहन होत नाही.

सुरेखाला सिलिअॅक होता. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट भाग असतो, कणीक ताणली जाते ती त्याच्यामुळे. या आजारात तो पोटात गेला की आतड्याचं आतलं मऊ अस्तर झडतं. मग कितीही चांगलं खाल्लं तरी अंगी लागत नाही. औषध एकच, गहू बंद. आपल्या भागात ते अवघड नाही. ज्वारीची भाकरी, नाचणी, भात, शेंगाची चटणी, झुणका. महागडी पाकिटं लागत नाहीत. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पिठात गहू येतो, म्हणून त्यांना घरी जात्यावर दळायला लावलं होतं. हिंगातसुद्धा मैदा असतो, तोही बंद केला होता. तरी रक्त वाढत नव्हतं आणि पोरगी वाळत चालली होती.

नवीन काय सांगावं ते सुचेना. आहाराची दोन पत्रकं तिच्या हातात दिली. ती एकमेकांना चिकटली होती. सुरेखानं बोट जिभेला लावलं आणि झटक्यात सुटी केली.

"हे काय गं?"

"कामाची सवय मॅडम. मी लेबलं लावतो न्हवं, बिडीच्या कट्ट्यांना, बंडलांना."

"कशानं चिकटवता?"

"खळीनं."

"खळ कशाची?"

"मैद्याची."

वहिनीनं सुरेखाच्या बोटाकडं बघितलं.

दुपारी मी कारखान्यात गेले. पाटाभोवती बायका बसलेल्या, मधे खळीच्या वाट्या. एक बोट खळीत, तेच बोट कागदावर, मग जिभेला, मग पुढचं लेबल. दिवसभर तेच. गप्पा चालू, कुणाचं लक्षही नाही. सुरेखा खरं बोलत होती. खाल्लं नव्हतं, चाटलं होतं.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात, बोलणं कानडी वळणाचं. त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, "अण्णा, साबुदाण्याची खळ करून बघा."

"लेबल सुटलं तर माल परत येतंय री मॅडम. एकीसाठी सगळं बदलू? त्यापेक्षा बिड्या वळू दे तिला."

"तंबाखूनं दम लागतो म्हणून तर ती लेबलाला आली."

"मग काय करू, तुम्हीच सांगा."

शेवटी बँकेत नोटा मोजायला असतो तसा ओला स्पंज तिच्यासमोर ठेवायचं ठरलं. अण्णांनी स्वतः आणून दिला. सुरेखानं मनापासून प्रयत्न केला. पण काम भरभर व्हायला लागलं की बोट आपोआप तोंडाकडं जायचं. शेजारच्या बायका ओरडायच्या, "सुरे, जीभ आत घाल गं!" सगळ्या हसायच्या, तीही हसायची. रिपोर्ट तसाच आला.

मग मीच सांगितलं, काम सोड.

"सोडतो," ती म्हणाली. "पण मॅडम, तिथं मला कुणी आजारी म्हणत न्हाय."

पुढचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर म्हणाले, "गुड वर्क, मॅडम." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच्या पुढचा पुन्हा घसरला. दोघी समोर बसल्या होत्या. या वेळी मी आधी सुरेखाचे हात बघितले. नखांत पांढरं काहीतरी सुकलेलं.

"घरातली कणीक कोण मळतं?"

"मीच. कणीक बी, चपात्या बी. काम न्हाय आता, मग घरात बसून..."

वहिनी म्हणाली, "खात तर न्हाय न्हवं? लाटायला काय झालं?"

मी सगळं पहिल्यापासून समजावलं. पीठ उडतं, नाकातोंडात जातं, नखातनं भाकरीला लागतं. वहिनी मान हलवत होती. मधेच तिनं घड्याळात बघितलं. घरी पोरांची जेवणं व्हायची होती.

"चल गं," ती सुरेखाला म्हणाली, "उशीर झाला, कणीक भिजवायची हाय."

आता नवा पेशंट आला की काय खाता हे मी नंतर विचारते. आधी विचारते, दिवसभर हात कशात असतात. आजाराचं कारण तेवढ्यात कळतं. ते हात तिथनं काढायची चिठ्ठी मात्र मला लिहून देता येत नाही.