पायरीवरचं ताट

मार्थाआत्या नव्या माणसाला नाव विचारायची नाही, आडनाव तर कधीच नाही. खानावळीच्या दारात कुणी नवीन विद्यार्थी उभा राहिला की हातावरचं पीठ झटकत ती एवढंच विचारायची, "तुमच्यात भाकरी कशाची?" ज्वारीची म्हटलं की पुढचे प्रश्न सुरू. जाड का पातळ? पाण्याचा हात जास्त का कमी? संग काय, डाळ का कोरड्यास? नाव तिला दोन-तीन दिवसांनी कळायचं, तेही दुसऱ्या कुणी हाक मारली म्हणून. "विचारल्याबिगर कळत न्हाई, अन् कळल्याबिगर वाढू नये," असं ती म्हणायची.

मी वालूरजवळच्या एका खेड्यातून परभणीला कॉलेजसाठी आले, तेव्हा मलाही तिनं हेच विचारलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आईबाबा दरवर्षी ऊसतोडीला जातात. परक्या घरात मोठ्यानं कसं बोलावं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी अगदी हळू "ज्वारीची" म्हणाले. आत्या कान पुढं करून म्हणाली, "भाकरी सांगायलीस का गुपित?" स्वयंपाकघरातल्या दोन मुली हसल्या, मीही हसले आणि त्या दिवसापासून तिथं जेवायला लागले. माझं नाव सुवार्ता आहे हे कळल्यावर तर तिला चिडवायला निमित्तच मिळालं. "नाव सुवार्ता अन् तोंडातून बातमी निघत न्हाई," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीनच. परभणीत रविवारी उपासनेला कुठं जायचं हेसुद्धा मला तिनंच दाखवलं.

तिची आणखी एक सवय होती, तिचा अर्थ मला बरेच दिवस लागला नाही. मुलं बाहेरच्या खोलीत पंगतीनं जेवायची, आम्ही मुली स्वयंपाकघरात. सगळ्यांचं झालं की आत्या स्वतःचं ताट घेऊन दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसायची. ऊन असो, थंडी असो, पायरी सोडायची नाही. ताटही ठरलेलं, एका बाजूला चेपलेलं, काठावर खिळ्यानं ओढलेल्या दोन आडव्या-उभ्या रेघा. मला वाटायचं, भाविक बाई आहे, ताटावर क्रूस कोरून घेतला असेल. एकदा मी विचारलं, बाहेर का बसता? आत गरम होतं म्हणाली. तेव्हा डिसेंबर चालू होता. मी माझं ताट घेऊन तिच्याशेजारी बसायला गेले तर तिनं मला उठवलं. "तू आत बस. ही जागा माझी हाय." आवाज कडक नव्हता, पण पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळानं उन्हाळ्याच्या सुट्टीत आफ्रिकेत तीन आठवड्यांच्या सेवेसाठी नऊ जण निवडले. त्यात माझं नाव आलं. का आलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी तोवर मनमाडच्या पुढं गेले नव्हते. उसाच्या फडावर बाबांना फोन केला तर त्यांनी विचारलं, "कारखान्याच्या पल्याड का?" मी हो म्हणाले. खोटंही नव्हतं ते.

आत्याला सांगितलं तेव्हा ती भाकरी भाजत होती. आफ्रिका ऐकून तिला आनंद झाला. मग तिनं विचारलं, कोणता देश? मलावी, मी म्हणाले. तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. तिच्या तव्यावर भाकरी करपलेली मी तेवढी एकदाच पाहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला पायरीजवळ बोलावलं, स्वतः पायरीवर बसली आणि मला उंबऱ्याच्या आत बसवून सांगायला लागली.

मी जन्मलेही नव्हते तेव्हाची गोष्ट. मलावीचा जोसेफ नावाचा मुलगा शेतीचं शिकायला परभणीत आला होता आणि आत्याकडं जेवायचा. उंच, हसताना तोंडावर हात धरणारा. ज्वारीची भाकरी पाहून म्हणाला होता, माझ्या आजीच्या शेतात हेच पिकतं. निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं, हे त्याला आत्यानं शिकवलं होतं. तिचा नवरा वारून वर्ष झालं होतं आणि खानावळीवरच घर चालत होतं. महिन्याचे पैसे भरून जेवणारे चार मेंबर एक दिवस तिला म्हणाले, हा आमच्या पंगतीत बसला तर आम्ही दुसरी खानावळ बघतो.

"मी त्याला म्हणलं, आत गर्दी हाय बाबा, जरा पायरीवर बस," आत्या म्हणाली. "बसला. दुसऱ्या दिवशी मी काहीच म्हणलं न्हाई. तो आपणहून बसला. ते लय वाईट."

सहा महिने तो तिथंच जेवला. त्याचं ताट दुसऱ्या ताटांत मिसळू नये म्हणून त्या चौघांनी खूण करायला सांगितली, तीही आत्यानं केली. जेवण झालं की तो स्वतः ताट घासून पायरीवर पालथं घालायचा. शेवटच्या दिवशीही त्यानं तसंच केलं, "आत्या, येतो" म्हणाला आणि गेला. पुन्हा आला नाही, त्याचं पत्रही नाही. मी ताटाकडं पाहिलं. आत्याला ते कळलं. "क्रूस न्हाई तो," ती म्हणाली, "फुली हाय."

मग म्हणाली, "लहानपणी आडावर मला वरून पाणी ओतायचे. मला कळत होतं, पोरी. न कळता केलं असतं तर गोष्ट वेगळी."

तिचं माझ्याकडं एकच मागणं होतं. मलावीत गेल्यावर जोसेफला शोधायचं, मार्थाआत्या माफी मागते म्हणून सांगायचं आणि तो जे म्हणेल ते जसंच्या तसं तिला येऊन सांगायचं. कसं शोधायचं याची तिला फिकीर नव्हती. "परभणीला शिकलेला जोसेफ म्हण, कुणीबी सांगल." जिंतूरच्या एसटी स्टँडवर नुसतं नाव घेतलं तर तीन माणसं दारापर्यंत सोडायला येतात, मलावीतही तसंच असणार, असं तिला वाटत होतं. मी नकाशा पाहिलेला होता. तरी मी हौ म्हणाले.

मलावीत आम्हाला दक्षिणेकडच्या एका गावात ठेवलं. सकाळी शाळेच्या भिंती रंगवायच्या, दुपारी मुलांची गाणी आणि बायबलच्या गोष्टी, संध्याकाळी प्रार्थना. वाटेत काढणी झालेल्या ज्वारीची धसकटं दिसली आणि मला क्षणभर वालूरच्या शिवारात उतरल्यासारखं वाटलं. आम्हाला एकेका घरी वाटून दिलं होतं. माझं घर एनिफाआजींचं. त्यांची मुलगी ग्रेस प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण सारखंच मोडकं, त्यामुळं आमचं जमलं.

पहिल्याच जेवणाला ग्रेस तांब्या आणि परात घेऊन आली आणि तिनं सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. चटईवर एकच मोठं ताट, त्यात पिठाचे वाफाळते गोळे, बाजूला एका वाडग्यात पालेभाजी, एकात बारीक सुकी मासळी. सगळे त्या एका ताटाभोवती बसले. माझा हात पुढं जाईना. मी ग्रेसला म्हणाले, मला वेगळं ताट मिळेल का? आमच्या गटाबरोबर आलेल्या सरांनी पाण्याबद्दल बजावलं होतं, ताटाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. पोट बिघडेल, असं मी मनाशी कारण काढलं. एनिफाआजी काही तरी म्हणाल्या आणि ग्रेसनं ताट आणलं. पाहुणी अवघडायला नको म्हणून दाराजवळ एक छोटं स्टूलही ठेवलं. त्यानंतर रोज मी यायच्या आधीच ते ताट आणि ते स्टूल तयार असायचं.

चौथ्या दिवशी शाळेतून आले, हात धुतले आणि कुणी न सांगता स्टुलावर जाऊन बसले. बसल्यावर आत्याचा शब्द आठवला, आपणहून. माझ्या हातातला घास तसाच राहिला. पण मला तिथं कुणी बसवलं नव्हतं. वेगळं ताट मीच मागितलं होतं. स्टुलावर मी असले तरी पायरीवर मी त्या माणसांना बसवलं होतं, त्यांच्याच घरात.

मी स्टूल बाजूला केलं आणि चटईवर येऊन हात पुढं धरले. या वेळी तांब्या एनिफाआजींनी घेतला आणि माझ्या हातावर पुन्हा पाणी घातलं. गोळा इतका गरम होता की माझी बोटं भाजली. सगळे हसले, मग ग्रेसनं तो तळहातावर कसा वळायचा ते दाखवलं. खाता खाता मी विचारलं, हे कशाचं आहे? चार दिवसांत त्या घराबद्दल मी विचारलेला तो पहिला प्रश्न. आजींनी जेवण सोडून मला मागं नेलं आणि टोपलीतली ज्वारी ओंजळीत घेऊन दाखवली.

त्यानंतर मी जोसेफची गोष्ट सांगितली. सांगताना लाज वाटत होती, परभणीची आणि माझीही. ग्रेस एकेक वाक्य आईला सांगत होती. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याला खायला काय आवडायचं? मला माहीत नव्हतं. मग त्या जे म्हणाल्या ते ग्रेसनं थांबत थांबत सांगितलं. माफी जोसेफच देऊ शकतो, ते आमच्या हातात नाही. त्याचं नाव मात्र आम्ही प्रार्थनेत घेऊ.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी खरंच मंडळीत विचारलं, भारतात शिकून आलेल्या जोसेफला कुणी ओळखतं का? चार जोसेफ उभे राहिले आणि सगळी मंडळी हसायला लागली. चौघांपैकी एकही भारतात गेलेला नव्हता. एक तर म्हणाला, तिला बरं वाटणार असेल तर मी माफ करतो. एनिफाआजींनी मान वळवून त्याच्याकडं असं पाहिलं की तो खाली बसला. मग सगळ्यांनी जोसेफचं आणि मार्थाआत्याचं नाव घेऊन प्रार्थना केली. त्यांच्या तोंडून "मार्था, परभणी" ऐकताना मला रडू आलं.

जोसेफ सापडला नाही. परतताना मुंबईहून परभणीपर्यंत गाडीत मी एकच विचार करत होते, आत्याला काय सांगायचं? इतकी वर्षं ती पायरीवर बसते आहे. एक वाक्य खोटं बोललं तर ती आत येऊन जेवेल. यात पाप असेल तर ते माझ्याकडं राहू दे, असं ठरवून मी स्टेशनवरून सरळ खानावळीत गेले.

मेंबर जेवून गेले होते. आत्या पायरीवर होती.

"भेटला का?" तिनं विचारलं.

मी भेटला म्हणाले. बरा आहे, लेकरंबाळं आहेत, हेही सांगितलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं, इतकं सहज बोलत होते. काय म्हणला, तिनं विचारलं. राग नाही म्हणाला, मी सांगितलं. आत्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला आणि काठावरची फुली अंगठ्यानं पुसल्यासारखी चोळत राहिली. मग नेहमीच्या सवयीनं विचारलं, काय खाऊ घातलं त्यानं? मी ज्वारीच्या गोळ्यांचं सांगितलं, मासळीचं सांगितलं, ते सगळं खरंच होतं.

"अन् तू बसलीस कुठं?" ती म्हणाली.

त्यावर मला खोटं बोलता आलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. जोसेफ सापडला नाही, मी आत्ता खोटं बोलले, तिथं मी वेगळं ताट मागितलं, चार दिवस स्टुलावर बसले. आत्या खाली बघत ऐकत होती. चार जोसेफ उभे राहिले म्हटल्यावर तिनं मान वर केली. "चार?" म्हणाली आणि हसली, मग पदरानं डोळे पुसले.

"बरं झालं बोललीस," ती म्हणाली. "माफी मिळाली म्हणून मी उद्यापासून त्याची चौकशीच सोडली असती." मग तिनं विचारलं, "त्या बाईनं काय विचारलं म्हणलीस?"

"त्याला काय आवडायचं."

"ठेचा," आत्या लगेच म्हणाली. "वरून तेल घालून. डोळ्याला पाणी यायचं, तरी मागायचा. कळव तिला."

मी तिथूनच ग्रेसला मेसेज केला. थोड्या वेळानं उत्तर आलं. आई विचारते आहे, ठेचा कशाचा करतात? मी वाचून दाखवलं. आत्या खूश झाली. "विचारणारी बाई हाय," म्हणाली आणि हिरव्या मिरच्यांपासून सुरुवात करून मला एकेक गोष्ट लिहायला लावली.

आता ती खानावळ बंद झाली आहे आणि आत्या जिंतूरला भाचीकडं असते. जोसेफचा पत्ता अजून लागलेला नाही. मी विचारणं सोडलेलं नाही आणि एनिफाआजींनीही सोडलेलं नाही. पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं.

मेसेज पाठवून झाल्यावर आत्यानं मला जेवून घे म्हणून आत पिटाळलं. मी ताट वाढून घेतलं आणि उंबऱ्यापर्यंत येऊन थांबले. आत्यानं वळून पाहिलं. आत बस, असं ती म्हणणार, हे मला माहीत होतं. त्याआधीच मी म्हणाले, "आत्या, मला आत बसवत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या ताटाकडं पाहिलं. आपलं ताट उचलून मांडीवर घेतलं आणि पायरीच्या कडेला सरकली.

"मंग बस," म्हणाली.