हमीदाच्या माथी मारलेला झोका

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. मुलाजवळ नाही, सुनेजवळ नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही — लागत असता, तर तोंडातून शब्द निघाला नसता.

मी नगरपालिकेच्या बागेत कामाला होते. गाव तापीकाठचं. नाव सांगत नाही. नवरा गेल्यावर रोजंदारीवर लागले, शिक्षण चौथी. त्या बागेने माझी दोन पोरं वाढवली, तेव्हा तिच्याविषयी वाकडं बोलणार नाही. आणि त्या प्रशिक्षणाविषयीही नाही.

बागेत नवी खेळणी बसली, तेव्हा आम्हाला जळगावला प्रशिक्षणाला पाठवलं — मला आणि हमीदाला. हमीदा माझ्यासारखीच रोजंदारीवर. तिच्या घरी हिंदी, माझ्या घरी अहिराणी, पण माझ्याशी ती अहिराणीच बोलायची. आम्हाला वाटलं, गवत कसं कापायचं ते शिकवतील. ते काय शिकवायचं? पण तिथे आम्हाला खुर्ची दिली. कपबशीत चहा दिला. आम्हाला ‘ताई’ म्हणाले. तोवर कामावर मला कोणी ‘ए बाई’शिवाय हाक मारली नव्हती. हसू नका — माणसाला खुर्ची मिळाली की ते नीट ऐकतं.

शिकवणाऱ्या मॅडम अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. त्या स्वतः झोक्यावर बसल्या, झोका करकरला, आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून हसलो. त्या म्हणाल्या, “हसा, पण ऐका. हाताने साखळी ओढून झोका कळत नाही. वरची कडी आतून झिजते, खालून दिसत नाही. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी प्रत्येक झोक्यावर स्वतः बसायचं. आपलं ओझं टाकायचं. आवाज आला की झोका बंद.” पडलेल्या माणसाला ओढून उठवू नये, मोडलेला हात कसा बांधावा, हेही त्यांनीच शिकवलं. त्या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत.

परत आल्यावर आम्ही दोघींनीच आपसात कामं वाटून घेतली. झोके माझ्याकडे आले, पाण्याची टाकी हमीदाकडे. आणि मी अडले. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोका खेळतात, गाणी म्हणतात. झोका त्यांचा. कपाळ पांढरं झालेल्या बाईने त्यावर बसायचं नसतं. रस्त्यावरून सगळी बाग दिसते. लोक काय म्हणतील? — हे मी हमीदाला सांगितलं. ती म्हणाली, “त्यात काय शे, अक्का? मी झोकावर बसस, तू मन्ही टाकी घास.”

झालं. त्या दिवसापासून ती माझं काम करायची आणि मी तिचं. बागेच्या साहेबांना कोणतं काम कोणाचं, हे ठाऊक नव्हतं. ती रोज सकाळी पाय उचलून एकेका झोक्यावर बसायची, चौकीदार तिला हसायचा, आणि ती त्याला उलट म्हणायची, “तू बी ये, बठ्ठा झोका तुटी जातीन!” मी टाकीजवळून बघायची. चांगले दिवस होते. खोटं का बोलू?

मग ती आखाजी आली. हमीदाचा नवरा धुळ्याच्या दवाखान्यात होता, तिला सकाळीच जायचं होतं. आदल्या दिवशी तिने विचारलं, झोक्यांचं कसं करायचं? मी म्हणाले, “तू जाय वं. झोका मी देखी लेसु.” मी बघून घेईन — हे वाक्य माझं आहे. ते ऐकायला तिसरं कोणी नव्हतं.

सकाळी गेले तर फाटकाबाहेर बायकांची ही गर्दी. हिरव्या बांगड्या, नवी लुगडी, कडेवर पोरं. एक ओरडली, “अक्का, फाटक उघाड वं! झोका खेळाले सासरले जाऊत का?” सगळ्या हसल्या. आणि त्यांच्या डोळ्यांसमोर, आखाजीच्या दिवशी, मी झोक्यावर बसू? मी साखळ्या हाताने ओढल्या. घट्ट लागल्या. मी फाटक उघडलं.

विधवेला झोका नाही, हे खरं. पण दुसऱ्या कोणाला बसायला सांगता आलं असतं. झोके बांधून ठेवता आले असते. मला कोणी अडवलं होतं? कोणीच नाही.

शेवटच्या झोक्याची कडी निसटली. साक्रीकडे दिलेली एक लेक उंचावरून पडली. हात मोडला, हनुवटी फाटली. लोक तिला उचलायला धावले, तर मी ओरडून त्यांना थांबवलं, शिकवलं होतं तसा फळी लावून तिचा हात बांधला. डॉक्टर म्हणाले, बांधलं म्हणून हात वाचला. पुढच्या वर्षी ती पोर त्याच हाताने मला पेढा द्यायला आली. मी घेतला. खाल्लाही.

दुपारी साहेब आले. झोके रोज कोण बघतं, म्हणून त्यांनी विचारलं. चौकीदार म्हणाला, “हमीदा बसते साहेब, रोज सकाळी. आज नव्हतीच ती.” तेवढ्यात हमीदा दवाखान्यातून थेट बागेत आली, हातात रिकामा डबा. साहेबांनी तिला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ती मी बोलायची वाट बघत होती — फार वेळ नाही, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा. मी तिच्या डब्याकडे बघत राहिले.

ती म्हणाली, “राहिलं, साहेब.”

का म्हणाली? दोघींचं काम जाईल असं तिला वाटलं असेल? मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर मलाच उत्तर द्यावं लागलं असतं.

तिची रोजंदारी बंद झाली. मला साहेबांनी लोकांसमोर शाबासकी दिली, आणि पुढे कायम करताना तीच गोष्ट कामी आली. हमीदा दोंडाईचाकडे मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाऊ लागली. संध्याकाळी हात पाण्यात बुडवून बसायची — आग थांबायची नाही. आणि तरी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा कोण आलं? सून माहेरी होती. हमीदा आली. भाकरी थापता येईनात तिच्या त्या हातांनी, म्हणून शेजारणीकडून करवून आणायची. मला घास भरवायची. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. टोमणा नाही. मी जेवले, बरी झाले. इतकं कोणी माझ्यासाठी केलं नाही, आईनेही नाही.

इथवर तुम्ही म्हणाल, भित्री होती बाई. भित्री माणसं पुष्कळ असतात. पण मी एवढ्यावर थांबले नाही.

मी निवृत्त झाले, तरी नव्या कामगारांच्या वर्गात मला बोलवतात. खुर्ची देतात, चहा देतात, अक्का, अनुभव सांगा, म्हणतात. मी झोक्याची गोष्ट सांगते. ‘एका बाईने’ झोका तपासला नाही, मग काय झालं, मग मी हात कसा बांधला. दरवेळी सांगते. गोष्ट चांगली वठते, पोरी श्वास धरून ऐकतात.

मागच्या वर्गात हमीदाची मुलगी शबाना होती. नुकती बागेत लागली आहे. मला दिसली होती ती, पहिल्याच रांगेत. तरी मी गोष्ट सुरू केली — सवयीने? की न सांगितली तर कोणाला शंका येईल म्हणून? एका पोरीने विचारलं, “अक्का, ती बाई कोण होती?”

मी म्हणाले, “होती एक. कामचुकार.”

शबानाने मान खाली घातली. तिला काय ठाऊक आहे? एवढंच की तिच्या आईमुळे एक बाई पडली. घरी तिला दुसरं काही कोणी सांगितलेलं नाही — हमीदानेही नाही. वर्ग सुटल्यावर ती माझ्यासाठी पाणी घेऊन आली. म्हणाली, “अक्का, अम्मीकडून चूक झाली तेव्हा तुम्ही होता म्हणून निभावलं. अम्मी तुमचं नाव नेहमी चांगलंच काढते.”

मी पाणी प्याले. पेला तिच्या हातात परत दिला.

तिला म्हणायचं राहिलं ते तुमच्यासमोर म्हणते: शबाना, झोका माझा होता. मी बघते म्हणाले होते, आणि बसले नाही. तुझी आई त्या सकाळी तुझ्या बापाजवळ दवाखान्यात होती, मला सांगून गेली होती. कामचुकार मी.