समोरच्याच्या डोळ्यांत उजेड नको

माझ्या मामाला विमानशाळेत सगळे 'हातवारे' म्हणतात. दोन्ही हातांत लाल टॉर्च घेऊन तो अंधारात उभा राहतो आणि शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं जमिनीवरून चालत येतात, ती जागेवर लावून घेतो. एकवीस वर्षं हेच काम. मी तिथेच मेकॅनिक. सकाळी विमानं तपासायची आणि तक्त्यावर खुणा करायच्या, ही माझी नोकरी. ती मामानेच लावून दिली. म्हणून त्याला कोणी वाकडं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आता आमच्या वैमानिकांचा सभ्यपणा ऐका. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारायचा नाही, ही पहिल्या दिवसाची शिकवण. समोर कोणी दिसलं की नाकावरचा दिवा बंद. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण काही शहाणे नुसतं उभं राहायचं असलं तरी सगळेच दिवे मालवतात, शेपटीवरचा लाल दिवासुद्धा. म्हणे मागच्याला त्रास नको. अरे, मागच्याला तू दिसावास म्हणूनच तो लाल दिवा आहे ना? मामाने शाळा चालवणाऱ्या साहेबांना तीनदा लिहून दिलं की इंजिन चालू असेपर्यंत लाल दिवा विझवायचा नाही. तिन्ही अर्ज साहेबांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली गेले.

गेल्या महिन्यात व्हायचं तेच झालं. संध्याकाळी साडेसातला एक मास्तर वळणावर विमान थांबवून, सगळे दिवे मालवून, आपल्या पाळीची वाट बघत होते. मागून एक शिकाऊ मुलगी आली. लांब समोर मामा उभा, म्हणून तिने नाकावरचा दिवा बंद केला. मधलं काळं विमान ना तिला दिसलं, ना मामाला. मामाने 'ये' म्हणून हात हलवले आणि तिच्या विमानाच्या नाकावरच्या पंख्याने पुढच्याची शेपटी काकडीसारखी चिरली. आणखी दोन हात पुढे आली असती तर मास्तरांचं डोकं गेलं असतं.

चौथ्या दिवशी साहेबांनी अहवाल टाइप करून आणला. 'खूण करणाऱ्याची चूक.' बस्स. दिव्यांबद्दल एक अक्षर नाही. सही केली तर मामाला रात्रीऐवजी दिवसपाळीचं काम, नाही केली तर घरी बसायचं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हणाले. "मामा, सही केलीस तर याद राख."

"खूण माझी चुकली हे खरंच आहे," मामा म्हणाला. "पण नुसतं तेवढंच लिहिलं तर दिवे विझतच राहतील. पुढचा मास्तर वाचणार नाही."

त्याच्या या शांतपणाचीच मला जास्त चीड येते.

तो साहेबांकडे गेला. म्हणाला, "सही करतो. पण आधी अंधार पडल्यावर त्याच वाटेने तुम्ही एकदा विमान आणा, नेहमीसारखं. वाटेत मी एक विमान दिवे मालवून ठेवलेलं असेल. ते वेळेत दिसलं तर चूक एकट्या माझी."

"हात्तिच्या, एवढंच?" साहेब हसले. "वीस वर्षं उडवतोय मी."

टॉर्च मामाने माझ्या हातात दिले. "तुला ते विमान दिसलं की साहेबांना थांबव," म्हणाला. स्वतः ऑफिसच्या खिडकीतून बघतो म्हणाला.

साहेब निघाले. मला बघून त्यांनी सवयीने नाकावरचा दिवा बंद केला. मी डोळे फाडफाडून बघत होते. वाट मोकळी होती. शपथेवर सांगते, मोकळी दिसत होती. मी हात हलवले, या, या. साहेब आणखी पुढे आले. मी पुन्हा हलवले.

आणि त्यांच्या अगदी समोर लाल दिवा पेटला. साहेबांनी ब्रेक दाबला. दोन विमानांच्या मध्ये जेमतेम दहा पावलं राहिली होती. उभ्या विमानाचं दार उघडलं आणि आतून मामा उतरला.

"वेड लागलंय का तुला?" साहेबांचा आवाज फाटला होता. "मी चिरडलं असतं तुला."

"तुम्हाला दिसलं नाही," मामा म्हणाला. "हिलाही नाही. त्या मुलीलाही दिसलं नव्हतं."

साहेबांनी खिशातला अहवाल काढून फाडला. तिथेच उभ्या उभ्या नवा सांगितला, मी लिहून घेतला. आधी विझवलेले दिवे, मग मामाची खूण. मामाने त्यावर सही केली. दुसऱ्या दिवसापासून लाल दिवा कोणी विझवायचा नाही, असा हुकूमही साहेबांनी काढला.

साहेब गेल्यावर मी मामाची कॉलर धरली. सख्ख्या मामाची. याच हातांनी मी पंखा त्याच्या अंगावर बोलावला होता.

"तो दिवा लागला नसता तर?" मी ओरडले. "खटका दाबलास आणि नसता लागला तर?"

"न लागायला काय झालं?" मामा म्हणाला. "सकाळच्या तक्त्यावर या दिव्यापुढे तुझी खूण होती. ती बघूनच तर हे विमान घेतलं."

मी कॉलर सोडली. सकाळी मला यायला उशीर झाला होता. त्या विमानाचा लाल दिवा मी लावून बघितलाच नव्हता. नुसती खूण केली होती.