दादाच्या खळ्यात तीन फेऱ्या

"ही गाडी ने तू. वळत नाही, पण फुकट आहे," दादा हसत म्हणाला होता. बारा वर्षं झाली. बाबांच्या आंब्याच्या बागेचं हक्कसोडपत्र मी त्याच दिवशी दादाला सही करून दिलं होतं.

मैत्रिणींनो, बाबांची ती जुनी पिकअप आज दुरुस्त झाली. खाऱ्या हवेने स्टिअरिंगचा दांडा नळीत गंजून बसला होता. मिस्त्रींनी तो उपसून साफ केला, नवीन बेअरिंग घातलं. "येवढंच होतं ओ ताई, कोणी बघितलंच नाय," ते म्हणाले.

मी थेट दादाच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात गेले. आंब्याच्या पेट्या भरणारे गडी बघत होते. चिऱ्याच्या बुटक्या कुंपणभिंतीला, गडग्याला न घासता गाडी गोल फिरवली. तीनदा.

"अगो, आंबे तुडवशील!" दादा ओरडला.

"नाही तुडवत. बघ तू नुसता."

त्याचं तोंड उतरलं. मला फार बरं वाटलं. परतताना थोडी लाजही वाटली, पण थोडीच.

दादा, तू माझं इथलं लिखाण वाचतोस, वहिनीने सांगितलंय. विहिरीजवळचं पायरी आंब्याचं एक कलम मला दे. नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी सगळ्यांसमोर मागते.