अकरा वेळा तेच पत्र

आमच्या बालाघाटच्या ऑफिसातले कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात आणि प्रिंटर दर दोन दिवसांनी अडतो. आम्ही झाकण आपटून थकलो की ठरलेल्या टेक्निशियनला फोन लावतो. ते येतात, उसासा टाकत कॉम्प्युटरसमोर बसतात. प्रिंटरला हातही लावत नाहीत.

"तो बिघडला नाही जी. कागद अडकला तवापासून छपाईच्या कामांची रांग थांबून राह्यली. तिले चालू करा लागते."

कित्येक वर्षं हेच वाक्य ते त्याच थकलेल्या आवाजात सांगतात. आम्ही अजून शिकलो नाही.

परवा प्रिंटर पुन्हा अडला, तेव्हा उकवा गावच्या एक बाई नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी सकाळपासून बसल्या होत्या. त्यांची शेवटची बस सुटायला आली होती.

"बार-बार प्रिंट कौन दबाता है?" साहेब ओरडले. सगळ्यांसोबत मीही नकारार्थी मान हलवली.

टेक्निशियननं येऊन स्क्रीनवर ती रांग उघडली. दाखल्याच्या पुढे एकच पत्र अकरा वेळा होतं, आणि अकराही ठिकाणी पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव. साहेब पाहायला वाकले, तसा त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवला.

"मशीनच थकली जी," म्हणत त्यांनी अकराही पत्रं पुसली. दाखला निघाला, बाई बसकडे धावल्या.

जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले.

"तुमचं पत्र राह्यलं जी," हळूच म्हणाले. "एकदाच दाबा."