डब्याचा मान

कुणालाही नकार द्यायचा असला की मनूबाय त्याला आधी जेवायला घालत. पेडणे तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावाच्या त्या सरपंच. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा ताटातलं इसवणाचं हुमण, म्हणजे सुरमईची आमटी, पाहून आपलं काम झालं, असं मी धरूनच चाललो. हात धुऊन आलो आणि त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. "उपाशी माणसाक ना म्हणूंक बरां दिसना," असं वर स्पष्टीकरणही दिलं.

माझं काम म्हणजे पणजीतल्या एका कंपनीतर्फे पुलाखाली सेन्सरचा डबा बसवणं. वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि नदी चढू लागली की त्या डब्याने ते ओळखायचं आणि पंचायतीवरचा भोंगा वाजवायचा. अशा प्रायोगिक प्रकल्पांत माझा हातखंडा होता. कुठे भरलेल्या कचरापेट्या ओळखणारी, कुठे गाड्यांना मोकळी जागा दाखवणारी यंत्रं मी बसवली होती. उद्घाटनाचे फोटो सगळ्यांचे होते, चालू मात्र त्यांतलं एकही नव्हतं. कंपनीत मला अनुभवी समजत.

मनूबायना पुराची काळजी नव्हती असं नाही. त्यांची थोरली जाऊ, आका, नदीला लागून असलेल्या वस्तीवर राहायची. तिचे पाय गेलेले, आणि नवऱ्याचं घर सोडून धाकट्या जावेकडे यायला ती तयार नव्हती. पाणी आलं तर तिला वेळेवर कोण उचलणार, हा विचार मनूबायना पावसाळाभर झोपू देत नसे. म्हणून मी पुन्हा गेलो, पुन्हा जेवलो. माझ्यामागे या यंत्राकडे कोण बघणार, असं त्यांनी विचारलं. मी लोकसहभागावरची माझी आवडती चित्रफीत दाखवली आणि समिती नेमू म्हणालो. त्या खूप वेळ हसल्या.

"तुजो डबो बरो आसा, पुता. पूण देवळात दिवो लावपाचो मान कोणाचो, तां हांगा सगळ्यांक खबर आसा. मान चुकलो तर लोक भांडतत. तुज्या समितीखातीर कोण भांडतलो?"

मग त्यांनीच देवळात बैठक बोलावली आणि डब्याचाही मान ठरवला. नदीकाठच्या घरांनी वर्षावर्षाच्या पाळीने डबा सांभाळायचा, कोळिष्टकं काढायची, बिघडला तर पंचायतीला कळवायचं. भोंगा वाजला की आकाला वर देवळात आणायचं, हेही त्याच घराचं काम. पंचायतीने बॅटरीचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात घेतला. मी मनातल्या मनात या अडाणीपणाला हसलो, आणि अहवालात तीच कल्पना माझी म्हणून घातली.

पावसाच्या तोंडावर डबा बसला. नारळ फुटला. पहिल्या मानकऱ्यांनी डब्याला अबोलीची वळेसर, म्हणजे फुलांची लांब माळ, बांधली. फोटोत नीट दिसावी म्हणून ती जरा खाली सोडा, असं मी सुचवलं. सगळे देवळात तीर्थप्रसाद घेत असताना भोंगा वाजला. माणसं धावत सुटली आणि आकाला खुर्चीसकट उचलून वर घेऊन आली. नदी तळाला होती. मी गंभीर चेहऱ्याने लॅपटॉप उघडून नेटवर्कमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं. तेवढ्यात कुणीतरी पुलावरून ओरडून सांगितलं की फुलं डब्याच्या डोळ्यासमोर लोंबतायत आणि डब्याला तेच पाणी वाटतंय.

आता हकालपट्टी, असं समजून मी तारा गुंडाळायला लागलो. आका मात्र खुशीत होती. कित्येक वर्षांनी तिने देव पाहिला होता. मनूबाय तिच्याकडे बघत म्हणाल्या, "बरां जालां. उचलताना कोण खंय अडकता तां आज कळ्ळां. खऱ्या पाण्यात शिकूक वेळ खंय आसता?"

तेव्हापासून दर वर्षी पाळी बदलताना भोंगा मुद्दाम वाजवतात आणि आकाला देवदर्शन घडतं. आमच्या कंपनीने प्रयोगाची मुदत संपताच हात झटकले. माझे बाकीचे डबे गंजले, हा एक पंचायतीने चालू ठेवला. परिषदांतून मी त्याच्यावर भाषणं देतो आणि लोक मला प्रश्नही विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात मनूबाय गेल्या. आजार छोटासाच म्हणत होते. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं, आणि त्या घरातून मी पहिल्यांदाच न जेवता परतलो.

त्याच पावसाळ्यात धरणाचं पाणी सुटलं. बातमी मी फोनवर वाचली. इतकी वर्षं मी ज्याच्यावर मिरवलो, त्या डब्याने भोंगा वाजवला असेल का, हे मला ठाऊक नव्हतं. गावात फोन लावला. कुणीतरी तो आकाच्या हातात दिला.

"हांव देवळात आसां, पुता. घरात पाणी भरलां. पूण माका उचलूक दोन घरां भांडली, मान आमचो म्हणान. शेवटाक दोगांनीय मेळून उचलून हाडली." मग ती म्हणाली, "तां भांडण आयकूक मनू हांगा आसूंक जाय आशिल्ली."

तिच्यामागे ती दोन घरं अजून भांडत होती, आणि मी फोन कानाला धरून ते ऐकत बसलो.